स्टॅटिक, डायनॅमिक आणि आई

सोमवार, ४ मार्च

आजही आईनं नाहीच म्हटलं. ‘माझं माझं बरं आहे.’ बाबा गेल्यापासून एवढ्या घरात एकटी. स्वतःचा गॅस, स्वतःचा फ्रिज, एका माणसासाठी अख्खा कुकर! आमच्याकडे मागची खोली रिकामी पडली आहे, पण ऐकेल तर शपथ.

ऑफिसातही हेच. हॉस्पिटलच्या सगळ्या कॉम्प्युटरांवरचे छोटे प्रोग्रॅम – फाइल्सची यादी दाखवणारा, कॉपी करणारा, हलवणारा – संसारीनं स्टॅटिक करून ठेवलेत. म्हणजे ज्याला जे सामान लागतं ते त्याच्याच पोटात. (संसारी हे मी एका सहकाऱ्याला ठेवलेलं नाव. बॅगेत छत्रीपासून सुईदोऱ्यापर्यंत सगळं बाळगतो. मी पेनसुद्धा त्याचंच वापरते.) आता त्या सामानातच चूक निघालीय, बाहेरच्याला आत शिरू देणारी. मग काय, एकेक प्रोग्रॅम नव्यानं बांधत बसा! त्यापेक्षा डायनॅमिक करा ना. सामान एका सामायिक फाइलीत, म्हणजे लायब्ररीत, सगळ्यांनी तिथून घ्यायचं, दुरुस्ती एकदाच.

बुधवार, ६ मार्च

साहेब माझ्या बाजूनं! संसारी एवढंच म्हणाला, ‘आणि ती लायब्ररीच रुसून बसली तर?’ म्हटलं, तुमच्या जिभेला काही हाड? तो चहा प्यायला निघून गेला.

शनिवार, ९ मार्च

आईकडे गेले. भाजी निवडता निवडता तिला माझं काम समजावलं – प्रत्येकानं वेगळी चूल मांडायची नाही, सगळ्यांचं एकच स्वयंपाकघर. ऐकून घेतलं. मग म्हणते, ‘त्या मागच्या खोलीत सकाळचं ऊन येतं का गं?’ येतं, म्हटलं. ‘आणि कपाट तुझ्याच कपड्यांनी भरलं असेल.’ झालं! नाहीच म्हणायचं असलं की माणसाला उन्हाचंही कारण पुरतं.

मंगळवार, १२ मार्च

संसारीचे जुने प्रोग्रॅम पुसले, माझे बसवले. एकही कुरकुरला नाही. स्वतःवर खूश.

संध्याकाळी आईचा फोन. ‘तुम्ही दूध किती घेता? सकाळी बाथरूमची घाई असेल ना तुमच्याकडे?’ रोज नवी सबब. नवरा म्हणाला, ‘अगं, ती नुसतं विचारतेय.’ म्हटलं, आई माझी आहे, मला कळतं.

गुरुवार, १४ मार्च

तोंडावर आपटले. अख्ख्या हॉस्पिटलसमोर.

लायब्ररीची नवी आवृत्ती आली होती. मुख्य कॉम्प्युटरवरची जुनी जरा बाजूला सरकवली, म्हटलं आता नवी तिथं ठेवू. तर फाइल हलवणारा चालेना. कॉपी करणारा चालेना. साधी यादी दाखवणारासुद्धा ढिम्म. चालणार कसे? सगळे त्या लायब्ररीच्या जिवावर, आणि तीच मी जागेवरून उचललेली! परत ठेवायची, तर ठेवणाराही तिच्याशिवाय लुळा. खाली रक्ताचे रिपोर्ट अडकले, रांग दारापर्यंत, साहेबांचे फोनवर फोन.

संसारी आला. ‘स्क्रीनवरची ती खिडकी बंद करू नका. बंद केलीत तर परत आत जाता येणार नाही.’ खुर्ची ओढून बसला. त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये एक स्टॅटिक प्रोग्रॅम होता, माझ्या तावडीतून सुटलेला. एक ओळ टाइप केली, लायब्ररी जागेवर, सगळं सुरू. मी विचारलं, ‘हा कुणाला सांगून ठेवला होतात?’ ‘कुणालाच नाही. सांगितलं असतं तर तुम्ही पुसला असतात.’

लाजही वाटली आणि हसूही आलं. मग बाथरूममध्ये जाऊन थोडं रडले.

शुक्रवार, १५ मार्च

साहेबांनी फार ताणलं नाही. ठरलं ते असं – रोजचे प्रोग्रॅम डायनॅमिकच राहतील, पण अडीअडचणीला लागणारे काही स्टॅटिक, वेगळ्या जागी. त्यांना कुणी हात लावायचा नाही, मी तर नाहीच. आभार म्हणून संसारीला चहा पाजला. सुटे नव्हते, त्याच्याकडूनच घेतले.

घरी येताना डोक्यात एकच. आईचं चुकतंय कुठं? उद्या आमचंच काही बिघडलं तर तिचं तिचं चालू राहायला हवं. चांगलं चाललेल्या बाईला मी उगाच जागेवरून उचलायला निघाले होते. ऑफिसात अक्कल आली, ती घरीही वापरायला हवी!

रविवार, १७ मार्च

आईकडे आम्ही दोघं. नीटनेटकी तयार होऊन बसली होती. विचारलं, कुठं निघालीस? ‘छे, कुठं नाही.’ मग मी तिला सांगून टाकलं, ‘आई, तुझं बरोबर होतं. तू इथंच राहा. मी पुन्हा विषय काढणार नाही.’ ‘बरं,’ म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आमचं एकमत झालं. हलकं वाटतंय.

मंगळवार, १९ मार्च

नवरा आईकडचा नळ दुरुस्त करून आला. म्हणाला, फ्रिज रिकामा आहे, प्लग काढलेला. बाबांचा फोटो भिंतीवर नाही. दाराआड भरलेली बॅग. यानं विचारलं तेव्हा म्हणाली, ‘रविवारी तुमच्याबरोबरच यायचं ठरवलं होतं. पण लेकीलाच नकोशी झाले असेन.’

गाडीची किल्ली सापडत नाहीये. चालतच निघते.