गरम झाला की कुईं

रविवार, १५ सप्टेंबर २०१९

हात भाजला! डाव्या हाताची दोन बोटं. सोल्डरिंगची गन टेबलावरून घसरली आणि मी ती झेलली. औषधाच्या दुकानात सतरा वर्षं काढली की हे असं होतं — काही पडताना दिसलं की डोक्याला विचारायच्या आत हात पुढे जातो. बाटली झेलणं वेगळं, तापलेलं लोखंड झेलणं वेगळं. आईने बटाट्याच्या चकत्या बोटांवर बांधल्या आणि विचारलं, की या वयात मला दुसरा काही छंद सुचला नाही का.

नाही सुचला. आज लिहूनच ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. मी, झोरित्सा, वय चाळीस, शाळेत फिजिक्समध्ये जेमतेम पास — जुन्या रेडिओत असतात तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्वतःच्या हाताने बांधणार आहे. एकच स्पीकर. स्टिरिओ पुढच्या जन्मी. मुदत ८ नोव्हेंबर, संत दिमित्रीचा दिवस, आमच्या घराण्याची स्लावा, म्हणजे कुलसंताचा सण. त्या दिवशी अर्धं गाव घरात असतं, आणि त्या अर्ध्या गावासमोर मला एकच रेकॉर्ड वाजवायची आहे.

ती रेकॉर्ड १९७९ची. आईच्या कारखान्यातल्या बायकांच्या गाण्याच्या गटाची, कारखान्याच्या वाढदिवसाला काढलेली. पहिलंच गाणं दोन कडव्यांचं, एकटीने गायलेलं. पाकिटावर नाव छापलंय ल्युबिंकाचं. माझी आई, देसांका, म्हणते, पहिलं कडवं माझं. ल्युबिंकामावशी म्हणते, नाव कुणाचं छापलंय ते वाचा. दोघी जिवलग मैत्रिणी होत्या. एकाच जिन्यावर राहतात, ती तळमजल्यावर, आम्ही तिसऱ्या. चाळीस वर्षांत "नमस्कार" आणि "दिवे गेलेत का" याच्यापुढे बोलणं नाही. आणि आमच्या डबड्या प्लेयरवर लावलं तर डबड्यात कोंडलेली कुणीही बाई गातेय असं वाटतं. आई खरं बोलते की नाही हे मला माहीत नाही. ते मला माहीत करून घ्यायचंय. बस्स.

सोमवार, १६ सप्टेंबर

पहिला डाख टिकला. दुसरा निखळला. तिसऱ्याने पट्टीच जाळली.

शनिवार, २१ सप्टेंबर

बाजारातल्या तळघरात रात्कोचं दुकान. टीव्ही दुरुस्त करतो, सुटे भाग विकतो, सल्ले फुकट देतो आणि टोमणे त्याहून फुकट. माझी जोडणी पालथी करून बघितली. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे मी सगळे उजवीकडून वाचले होते. सगळे!

"झोरित्साताई," तो म्हणाला, "औषधाच्या चिठ्ठ्याही अशाच वाचता का? नाही, म्हणजे माझी आई तुमच्याकडूनच गोळ्या घेते."

इतकी हसले की भिंतीला टेकावं लागलं. घरी येऊन सगळे उपसले, पुन्हा लावले. दुसऱ्या वेळी डाख चमकत होते. चांगला डाख चमकतो, वाईट डाख राखेसारखा दिसतो, हे आता मला कुणी सांगावं लागत नाही.

रविवार, २९ सप्टेंबर

आज आईने तिचा खण उघडला. मोज्यांचा खण! प्रत्येक मोज्यात एक व्हॉल्व्ह. तिने तीस वर्षं भिंगाखाली बसून केसाएवढ्या तारेच्या जाळ्या गुंडाळल्या, व्हॉल्व्हच्या पोटात जातात त्या. कारखाना बंद झाला तेव्हा सगळ्यांना आठवण म्हणून एकेक खोका दिला होता, हे मला माहीत होतं. मोज्यांचं माहीत नव्हतं.

तिने प्रत्येक व्हॉल्व्ह खिडकीशी धरला, नखाने टिचकी मारली, कानाशी नेला. तीन निवडले. चौथा मला छान दिसत होता, चकचकीत. तिने काचेवरचा शिक्का वाचला आणि तो परत मोज्यात घातला.

"सोमवारचा आहे," म्हणाली. "रविवारी कुणाची ना कुणाची स्लावा असायची. सोमवारी आमच्यातल्या एकीचाही हात स्थिर नसायचा. सोमवारचा व्हॉल्व्ह आम्ही आमच्या घरच्या रेडिओत कधी घातला नाही."

आणि ते जगभर गेले! कुठल्या कुठल्या देशातले लोक आमच्या गावच्या रकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, थरथर ऐकत बसले असतील. आईला म्हटलं, ॲम्प तयार होतोय तसतसं थोडं थोडं ऐकत जा. तर नाही. अर्धं शिजलेलं ती चाखत नाही. स्लावाच्या दिवशी ऐकेल, तोवर मी वाजवायला लागले की ती बाजारात जाणार.

रविवार, ६ ऑक्टोबर

अडकले. स्पीकरच्या आधी जो ट्रान्सफॉर्मर लागतो, तो चांगला नसेल तर बाकी सगळी मेहनत पाण्यात. रात्को म्हणतो, तयार मिळतात ते त्याला पसंत नाहीत, आणि हाताने तार नीट गुंडाळून तो बनवणारं माणूस या गावात एकच उरलंय. "तुमच्याच जिन्यात राहतं ते," म्हणाला आणि उगाच स्क्रू मोजायला लागला.

ल्युबिंकामावशी. अजून कोण!

आई चर्चला गेली होती. तीन मजले उतरायला मला पंधरा मिनिटं लागली. मावशीने दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आत आत बसवून चेरीचा मुरांबा आणि पाणी पुढे ठेवलं. मी जोडणीची आकृती दाखवली. तिने चष्मा नाकावर सरकवला. कारखाना बंद झाला तेव्हा तिने तिचं गुंडाळायचं यंत्र विकत घेऊन घरी आणलंय, शिवणयंत्राशेजारी ठेवलंय, वर क्रोशाचा रुमाल! किती वेढे, कुठली तार, मध्ये कागद किती, सगळं तिने मला विचारलं आणि माझी उत्तरं चुकल्यावर स्वतःच दिली. व्हॉल्व्ह कुणाचे, हे मात्र विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

मिळाला! विटेएवढा जड. मेणाचा वास. शेवटच्या थराखालून हिरव्या दोऱ्याचं टोक बाहेर आलेलं. ते कापू नकोस म्हणाली. कारखान्यात प्रत्येकीचा दोरा वेगळा असायचा, काही बिघडलं तर कुणाचं काम ते तपासनिसाला कळावं म्हणून. "माझा हिरवा दोरा एकदाही परत आला नाही," हे तिने मला दोनदा सांगितलं.

रविवार, २० ऑक्टोबर

आज पहिल्यांदा चालू केला. व्हॉल्व्ह हळूहळू केशरी झाले.

घूंऽऽऽ.

बस्स. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

घूं.

रविवार, २७ ऑक्टोबर

घूं गेलं!!! रात्कोने फोनवर सांगितलं होतं, अर्थिंगच्या सगळ्या तारा एकाच स्क्रूला आणा. मी त्या जिथे जागा दिसेल तिथे टोचल्या होत्या. आठ तारा, एक स्क्रू, आणि घूं गायब. एकदम शांतता. मी सुईसुद्धा ठेवली नाही. दहा मिनिटं नुसती ती शांतता ऐकत बसले. वेडेपणा आहे, पण इतका आनंद मला पगारवाढीचा झाला नव्हता.

तेवढ्यात आई बाजारातून आली. पिशवी खाली ठेवली, वाकून ॲम्प बघितला. तिचे व्हॉल्व्ह बघितले. मग ट्रान्सफॉर्मर. बराच वेळ. हिरव्या दोऱ्याच्या टोकावरून तिने बोट फिरवलं.

ती आत जाऊन मिरच्या भाजायला लागली. जेवताना म्हणाली की यंदा स्लावाला एक खुर्ची जास्त लागेल, वरच्या माळ्यावरून काढून ठेव.

रविवार, ३ नोव्हेंबर

आई खोटं बोलत नव्हती.

आई खोटं बोलत नव्हती!

आज पूर्ण गाणं ऐकलं. पहिल्या कडव्यात एक बाई, दुसऱ्यात दुसरी. काय म्हणून कुणाला एकच वाटावी! पहिली ओळीच्या शेवटी आवाज खाली ठेवते, अंथरलेल्या चादरीवर मूल ठेवावं तसा. आई अजूनही तशीच बोलते. दुसरी ओळ संपवायला तयारच नसते. आईच्या या अशा आवाजाबद्दल मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी टेबलाशी बसून ढसाढसा रडले, आनंदाने.

पण एक भानगड आहे. सव्वा मिनिट झालं की, नेमका पहिल्या कडव्याच्या शेवटी, ॲम्प कुईं करतो. बारीक, चिरका, दोन-तीन सेकंद. मग बंद. चार वेळा लावलं, चारही वेळा. ट्रान्सफॉर्मर गरम झाला की करतो बहुतेक. आणि तोही नेमका तिथे, जिथे एक आवाज सोडतो आणि दुसरा धरतो! लोकांना ऐकवायचं ते तेवढंच, आणि तिथेच हे. रात्कोला फोन केला. दुसरी रेकॉर्ड लावून बघा म्हणाला. दुसरी रेकॉर्ड आणू कुठून? बाकीच्या आम्ही घर रंगवताना देऊन टाकल्या.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

रात्कोने एक कंडेन्सर दिला. हा लावला की वरचे सगळे बारीक आवाज कापले जातात. लावला. कुईं गेलं.

आईही गेली. म्हणजे आवाज आहे, पण पुन्हा डबड्यातली कुणीही बाई.

बुधवार, ६ नोव्हेंबर

कंडेन्सर काढला. कंडेन्सर लावला. काढला. लावला. झोपते.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

जिन्यात मावशी भेटली. राहवलं नाही, सांगून टाकलं, की तुमचा ट्रान्सफॉर्मर गरम झाला की कुईं करतो.

ती पायरीवर थांबली. कांद्याची जुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"माझा हिरवा दोरा?" म्हणाली. "मी स्वतः ऐकल्याशिवाय हे मान्य करणार नाही."

आता पंचाईत. स्लावाला कुणाला बोलवायचं नसतं. येणारा आपण होऊन येतो, आणि आला तर त्याला दारातून परत पाठवायचं नसतं. ये म्हणाले तर आईच्या घराची रीत मोडते. म्हणून मी फक्त म्हटलं की मावशी, उद्या आमचं दार सकाळपासून उघडं असेल. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही नवीनच सांगितलंय.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

सकाळी सहाला उठून कंडेन्सर काढला. कायमचा. कुईं तर कुईं. लोक हसले तर मला हसतील. आईचा आवाज मी कापणार नाही.

शुक्रवार, म्हणून जेवण उपासाचं — मांस, दूध, अंडी नाहीत, मासे चालतात. मासे, भाजलेल्या घेवड्याचं भांडं, अक्रोडाच्या वड्या. पाद्री येऊन स्लावाची रोटी कापून गेले. मेणबत्ती लावली. दुपारपर्यंत बावीस माणसं, रात्को त्याच्या आईसकट. माळ्यावरून काढलेली खुर्ची रिकामीच. आई ताटं भरत होती, दाराकडे बघत नव्हती. इतकं नेमाने बघत नव्हती की सगळ्यांना कळावं.

अडीच वाजता ल्युबिंकामावशी आली. निळा पोशाख, केस कुरळे करून. उंबऱ्यात उभी. आई गोड गव्हाचं ताट घेऊन तिच्यासमोर गेली. येणाऱ्याला आधी एक चमचा गहू. मावशीने चमचा घेतला, खाल्ला, चमचा पाण्याच्या ग्लासात ठेवला. बावीस माणसांनी जेवणं थांबवली होती.

"मी ट्रान्सफॉर्मर ऐकायला आलेय," मावशी म्हणाली.

"मग बस," आई म्हणाली. खुर्ची तिने स्वतः ओढली.

ॲम्प चालू केला. माझे हात आज सोमवारचे. व्हॉल्व्ह केशरी झाले. सुई ठेवली.

पहिलं कडवं. रात्कोची आई बशी हातात धरून तशीच उभी. आई गात होती, सव्वीस वर्षांची, आणि सहासष्ट वर्षांची आई माशाचं ताट मांडीवर घेऊन ऐकत होती. तिचे ओठ हलत होते. मग सव्वा मिनिट — कुईं! माझा चेहरा लाल. मी घाईघाईने म्हटलं, माफ करा, ट्रान्सफॉर्मर आहे, गरम झाला की करतो, मी नवशिकी आहे. तोवर दुसरं कडवं सुरू झालं होतं.

कुणी मला हसलं नाही. हसत होत्या त्या दोघी. आधी मावशी, मग आई. एकमेकींकडे बघून, पोट धरून, डोळे पुसत, थांबतच नाहीत. मला राग आला जरासा. आठ आठवडे राबले मी!

गाणं संपल्यावर मावशीने डोळे टिपले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पहिलं कडवं देसांकाचं आहे. त्या दिवशीही होतं. छापणाऱ्याने एकच नाव विचारलं आणि मी माझं दिलं. नंतर खरं बोलायला उशीर झाला, आणि मग उशिराची लाज वाटली." एवढं बोलून ती आईच्या हातात हात देऊन बसली. आईने त्या हातावर दोन चापट्या मारल्या. जोरात, हं. मग घेवडा वाढला, आणि संध्याकाळपर्यंत त्या दोघींनी दुसऱ्या कुणाला बोलू दिलं नाही.

ॲम्प सहा वेळा वाजवायला लावला लोकांनी. सहाही वेळा कुईं. प्रत्येक वेळी दोघी पुन्हा हसल्या. रात्को जाताना म्हणाला, "ताई, एक दोष आहे, पण बांधलाय छान."

शनिवार, ९ नोव्हेंबर

सकाळी बशा पुसताना आईला म्हटलं, मावशीकडून दुसरा ट्रान्सफॉर्मर करून घेते, हा रडतो.

"तो कशाला रडेल?" आई म्हणाली. "ती तू आहेस. तीन महिन्यांची. ल्युबिंकाच्या कडेवर होतीस. तू रडलीस, मी गाणं सोडून तुला घेतलं, पुढचं तिने उचललं."

चाळीस वर्षं सांगितलं का नाहीस, विचारलं.

"तुला वाटलं असतं, तुझ्यामुळे माझं गाणं गेलं."

कंडेन्सर कचऱ्यात टाकला. आई बाजारात गेलीय — ल्युबिंकामावशीबरोबर. मी सकाळपासून अकरा वेळा सुई ठेवली. गरम-बिरम काही होत नाही. सव्वा मिनिटाला मी रडते, आणि आई गाणं सोडून येते.