शेटजींच्या पाठीबद्दल

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा लाकडी सामानाला पॉलिश करणे, हे स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहितो. डोके ठिकाणावर आहे. छाती नाही. सोमवारी ऑपरेशन आहे आणि डॉक्टर माझ्याकडे बघून बोलायचे टाळतात.

१. राहती जागा मुलाला. शेटजी, म्हणजे आमचे कासव, त्याला देऊ नये. फोनवर म्हणाला, "बाबा, एका कासवासाठी किती जीव टाकताय? तळ्यात सोडून द्या." अरे गाढवा, ते जमिनीवरचे कासव आहे, बुडून मरेल.

२. ब्रश आणि डबे समोरच्या सुताराला, ज्याने माझी गिऱ्हाइके पळवली. घे बाबा, आता सगळीच घे.

३. शेटजी माझ्या बायकोचे. ती गेल्यापासून दर वर्षी तिच्या वाढदिवसाला मी त्यांच्या पाठीवर लाखेच्या पॉलिशचे तीन हात दिले. लोक वाखाणायचे आणि मी फुगायचो. आत पाठ सडत होती. गेल्या महिन्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी थर खरवडला तेव्हा खोलीभर वास सुटला. हे मी केले, लाडाने केले, आणि आता झोप लागत नाही.

४. धाकटी बहीण बारकी हिला शेटजी. अकरा वर्षांपूर्वी तिने माझा हात धरला होता. "दादा, अरे कपाट नाही ते. जिवंत आहे." मी म्हणालो, "मला माझा धंदा शिकवू नकोस," आणि तिला दार दाखवले. तेव्हापासून बोलणे बंद. बारके, तुझेच खरे होते. रोज कोमट पाण्यात पंधरा मिनिटे, पाणी हनुवटीच्या खालीच. पाठ टिपायची, घासायची नाही. मग मलम, मग दिव्याची ऊब. दहा दिवस झाले, शेटजींनी काही खाल्लेले नाही. औषध पाजायला तोंड उघडावे लागते आणि माझे हात थरथरतात. तुझ्याशिवाय कोणी नाही ग.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात, हे मला कळते. शेटजींजवळ तेवढा वेळ नाही. म्हणून हे पाकिटात घालू नये. सह्या झाल्या की साक्षीदारांनी आजच बारकीकडे न्यावे. तिने दार उघडले नाही तर फटीतून आत सरकवावे. बारके, माझ्यासाठी येऊ नकोस. माझे तोंडही बघू नकोस. पण ये.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई (सही)
कोपऱ्यावरचे कुलुपवाले (सही)

स्थळ: मागची खोली. गुरुवार, मलम लावून झाल्यावर.
(सही) दादा