कृपया घाबरू नका

३ मार्च, सोमवार
ब्रेक टेस्टिंगचं हेडपद महिनाअखेर ठरणार. लिफ्टचा ब्रेक या कंपनीत माझ्याइतका कोणालाच कळत नाही. गर्वाने नाही, तपासून लिहितेय. म्हणजे प्रश्न फक्त घोषणेचा.
साहेबांनी बोलावलं. नव्या लिफ्टमध्ये बाईचा आवाज हवाय, आणि इंजिनियर बाई मी एकटीच. "दहा मिनिटांचं काम गं, घरचंच समज." एकदाच करायचं. उपकार त्यांच्यावर.

५ मार्च
"कृपया घाबरू नका. मदत येत आहे." अख्खी दुपार गेली. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, मॅडम, हसून बोला. अडकलेल्याला माझं हसणं दिसणार कुठून? तो म्हणाला, दिसत नाही, ऐकू येतं. साहेब म्हणाले, "आई बाळाला थोपटते ना, तसं." मला बाळ नाही. थोपटलं.

९ मार्च, रविवार
नवऱ्याने रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. म्हणाला, "घरी का नाही बोलत अशी?" प्रयोग म्हणून दिवसभर त्याच आवाजात बोलले. एकही वाद नाही. स्वयंपाक, कपडे, भांडी सगळं मीच केलं, पण शांततेत. प्रयोग यशस्वी.
सासूबाई वाती वळता वळता म्हणाल्या, "जप हो. मीही थोडे दिवसच म्हटलं होतं." कशाबद्दल, ते विचारायचं राहिलं.

१७ मार्च
मिस्त्रीने चुकीची वायर जोडली. ओरडणार होते. तोंडातून "कृपया" निघालं. तो गोड हसला आणि पुन्हा तीच जोडली.
घसा बसलाय. हवा बदलतेय.

२८ मार्च, शुक्रवार
हेड: माझा ज्युनियर. त्याला ब्रेक मी शिकवला.
साहेब म्हणाले, "साइटवर ओरडावं लागतं गं. तुझा आवाज किती गोड! अडकलेले लोक दार उघडलं तरी थांबून ऐकतात." मी थँक्यू म्हटलं.
हरकत नाही. आवाजाचा स्विच माझ्याच हातात आहे. उद्यापासून मूळ आवाज. उद्या पाहुणे आहेत. सोमवारपासून.

३१ मार्च, सोमवार
लिफ्टमधून लिहितेय. दोन मजल्यांच्या मध्ये.
नव्या हेडची पहिली टेस्ट. 'लिफ्ट बंद'ची पाटी लावायला विसरला. ब्रेक मात्र उत्तम लागला, मान्य करायला हवं.
"कृपया घाबरू नका. मदत येत आहे." दर वीस सेकंदांनी. हा आकडा प्रोग्रॅममध्ये मीच घातला. पाच मिनिटं घालता आली असती.
बेल दाबली. कंट्रोल रूममधल्या काकांनी इंटरकॉम उचलला. मी म्हटलं, मी अडकलेय, कृपया कोणाला तरी पाठवा. ते शेजारच्याला म्हणाले, "काही नाही रे, रेकॉर्डिंग वाजतंय." ठेवला.
पुन्हा दाबली. आता मूळ आवाज. सोमवारच आहे. पोटातून श्वास घेतला, मुठी आवळल्या आणि सगळा जीव लावून ओरडले.
काका म्हणाले, "ऐक, ऐक. किती गोड बोलते!" आणि ठेवला.