देवाला तूप, सासूला ताक

१० नोव्हेंबर
साखर दोन किलो – ९०. वातींचा कापूस – २०. सासूबाईंना गेल्या महिन्यात बसवलेल्या कवळीचं बिल – साडेसहा हजार! आणि पहिला चावा घेतला तो माझाच.

गावात नवं संग्रहालय निघालंय. तिथली उत्कर्षा घरोघरी म्हाताऱ्यांचं बोलणं यंत्रात भरून नेते. आपल्याकडे तासभर बसली. मी चहा दिला, वर खारीसुद्धा. आज शेजारची सलिमाभाभी तिथं जाऊन आली. यंत्र कानाला लावलं की सासूबाई बोलतात म्हणे. आपलं जुनं चऱ्होली गाव, विहिरी, गेलेल्या जमिनी – आणि मधेच, “सून लय देवभक्त. देवाला तूप, मला ताक. त्येबी मोजून!”

१२ नोव्हेंबर
स्वतः ऐकून आले. खरं आहे. तूप डॉक्टरांनी बंद केलंय, ते नाही सांगितलं! पुढचं ऐकवेना. यंत्र त्यांच्या फोटोखालच्या खुंटीला अडकवलं नि निघाले.

१५ नोव्हेंबर
भाजीवाला जयसिंग म्हणतो, वहिनी, कोथिंबीर मोजून देऊ का? तशीच परतले. सासूबाईंशी अबोला. ताट पुढं सरकवते, बस्स. त्या म्हणतात गंमत केली. देवा, मला क्षमा करायची बुद्धी देऊ नकोस.

१९ नोव्हेंबर
संग्रहालयात बैठक. गावकऱ्यांचं ऐकायचंय म्हणे. मग ऐका! उत्कर्षा म्हणाली, तेवढं वाक्य काढू, नाहीतर तुमचीही बाजू भरून घेऊ. मी म्हटलं, “अख्खं काढा. त्या बाईचा आवाज गावात कुठं ऐकू यायला नको.” सासूबाईंचीच संमती लागेल म्हणून तिनं कागद दिला. घरी पुढ्यात ठेवला. सासूबाईंनी का म्हणून विचारलंही नाही. “तुजं समाधान व्हऊ दे,” म्हणत अंगठा उठवला.

२४ नोव्हेंबर
काढलं! फोटोखाली नुसती खुंटी. आज देवापुढं दोन दिवे लावले. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

३ डिसेंबर
सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका. जीव वाचला. वाचा गेली ती येणार नाही, डॉक्टर म्हणाले.

९ डिसेंबर
हे दवाखान्यातून परस्पर संग्रहालयात गेले होते. आईचा आवाज ऐकायला. तिथं त्यांना आईचा अंगठा असलेला कागद दाखवला. यांच्या फोनमध्ये तिचे फोटोच आहेत, बोलणं एकही नाही. घरी आले ते जेवले नाहीत. “आईनं का काढायला लावलं असेल गं?” मला विचारतात! मी भांडी घासत राहिले.

१० डिसेंबर
समोर जायचं तोंड नाही, म्हणून उत्कर्षाला पत्र टाकलं. एवढंच लिहिलं –
काढलेलं कुठं शिल्लक असेल तर जसंच्या तसं हवं आहे. असो वा नसो, उलट टपाली कळवावे. पाकिटावर माझंच नाव घालावे.