ॲलर्जीची चौकट

सोमवार, ४ ऑगस्ट. लातूर
मोठ्या सरांनी (दवाखाना त्यांचाच) आज मला 'टीमवर्क समिती'चं सचिव केलं. पात्रता: मराठी शुद्ध. वीस वर्षं इथं निवासी डॉक्टर. पदवी आयुर्वेदाची, हुकूम ॲलोपॅथीचे. वॉर्डात माझ्या हस्ताक्षरातली पाटी लागली: 'शंका आली तर बोला. पद पाहू नका.' सुनंदा सिस्टर वाचून म्हणाली, "सर, ही मोठ्या सरांच्या केबिनमधी लावा की." हसलो. लावली नाही.

गुरुवार, ७
नरसम्मा, देगलूरकडची आजी. मराठी येत नाही. सुनंदा तिकडचीच, तेलुगूत विचारून आली. "सर, आजीला पेनिसिलीन चालत न्हाई. मागं अंगावर गांधी उठून दम लागला होता. चौकटीत लिहा." फाईलवरची ॲलर्जीची चौकट डॉक्टरनंच, लाल पेनानं भरायची, असा आमचा दंडक. म्हटलं, राऊंडला सरांच्या कानावर घालून लिहितो.
सर आधीच तापलेले. त्यांनी नेमकं पेनिसिलीनच सांगितलं. मी खाकरलो. "वैद्यबुवा, पाणी प्या." पुढच्या खाटेकडं गेले. मी ऑर्डर उतरवली. सुवाच्य. सरांची ऑपरेशनं उरकल्यावर त्यांना गाठू म्हटलं.
सुनंदा घरी गेली, मी लिहिलं असेल या भरवशावर. दुपारच्या सिस्टरनं इंजेक्शन दिलं. चौकट कोरी, तिनं काय पाहायचं?

शुक्रवार, ८
आजी आयसीयूत. श्वास नळीवर.
सर, त्या पाटीखालीच उभे राहून: "सुनंदा सिस्टरनं सांगितलं नव्हतं, असं समितीच्या इतिवृत्तात घ्या." तिनं मला सांगितलं होतं का, हे विचारलं नाही. बहुधा ठाऊक असावं.
माझी मूळ सर्टिफिकिटं त्यांच्या कपाटात. सुनंदाची नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर.
विद्यार्थीदशेत घोकलेलं: चिकित्सेचे चार पाय. वैद्य, औषध, परिचारक, रुग्ण. इथं एकच पाय चालतो, बाकीचे फरफटतात. मी कुठला, ते...

रविवार, १०
नळी काढली. हायसं. आजी घोगऱ्या आवाजात सुनंदाशी काही बोलली. दोघींनी माझ्याकडं पाहिलं.
"काय म्हणाल्या?"
"म्हणल्या, ह्या डॉक्टरला बोलायला येतंय का न्हाई?"

सोमवार, ११
समितीची सभा उद्या अकराला. इतिवृत्त आजच हवं. सरांचा दोनदा निरोप.
सुनंदानं येऊन आपलं लाल पेन टेबलावर ठेवलं. "तुमचं संपलं असंल म्हणून." वळून पाहिलं नाही.
'सुनंदा सिस्टरनं सकाळी आठला' इथवर लिहून झालंय. पेन चालतं. समासात लाल रेघ ओढून पाहिली.