चार-चार प्रश्नचिन्हं

३१ जानेवारी २००६, मंगळवार

एकनाडी! मिटलं एकदाचं.

सकाळीच मी बापूराव ज्योतिषांकडे जाऊन आले. पौष संपायची वाट बघत होते. आमच्या अपेक्षाची आणि त्या शुभंकरची जन्मवेळ चिठ्ठीवर लिहून नेली होती. अपेक्षाची पत्रिका आपण कधी केलीच नाही — लग्नाच्या वेळी करायचीच, मग दोनदा दक्षिणा कशाला! बापूरावांनी कॉम्प्युटरवर दोघांच्या काढल्या. गुण साडेएकोणीस, आणि एकनाडी दोष. मुलगा-मुलगीची नाडी एक म्हणजे लग्न नाही. पुढे बोलायचंच नाही.

मुलगा वाईट आहे असं नाही. हिंजवडीला हिच्याच कॉम्प्युटरच्या कंपनीत. मूळचा अमरावतीचा, वाकडला तिघांबरोबर खोली घेऊन राहतो. पण मुलीने स्वतः शोधून आणलेला! तेव्हापासून माझ्या मनात खुटखुट होतीच. देवानेच सोडवलं.

ह्यांना सांगितलं. "मग कळवून टाकू," म्हणाले, आणि डबा उचलून मार्केट यार्डात दुकानावर गेले.

संध्याकाळी अपेक्षाला कागद दाखवला. वाटलं, रडेल. रडली नाही! दिव्याखाली धरून बघत बसली. "आई, हे काय छापलंय?" नाव, नक्षत्र, नाडी — जिथे मराठी अक्षर हवं तिथे नुसती प्रश्नचिन्हं. आकडे ठीक. निकाल खाली इंग्रजीत. मी म्हटलं, बापूराव म्हणाले, तेवढं उमटत नाही वहिनी, आपल्याला निकालाशी मतलब.

"नाडीच उमटली नाही, मग एक आहे हे कोणी ठरवलं?"

जशी कोर्टात उभी! आणि कागद स्वतःच्या पर्समध्ये घातला. कशाला?

२ फेब्रुवारी, गुरुवार

शुभंकरचा फोन दोन दिवस नाही. एरवी जेवताना सुद्धा वाजतो. ठरवून बंद ठेवलेला दिसतो — आम्हाला वाटावं की संपलं.

४ फेब्रुवारी, शनिवार

मारुतीला तेल घालून आले. अपेक्षा आज घरी. जेवताना म्हणाली, "उद्या बापूरावकाकांचा कॉम्प्युटर बघून येते. बिघडलाय तो."

मी म्हटलं, "त्यांनी बोलावलं का तुला?"

"नाही. मीच फोन केला."

हे ताटावरून मान वर न करता म्हणाले, "वा! गिऱ्हाईकच काटा दुरुस्त करायला निघालं."

मला हसू आलं नाही. खरंच तेच आहे. जिचं लग्न, तीच मशीन उघडणार. मीही बरोबर जाते म्हटलं. "ये की," म्हणाली. तोंडावर काही दिसलं नाही. ह्या मुलीच्या तोंडावर हल्ली काहीच दिसत नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. नंतर कोणी काही सांगेल तर उपयोगी पडेल.

बापूरावांच्या बाहेरच्या खोलीत, दत्ताच्या फोटोखाली नवीन कॉम्प्युटर. जुना कोपऱ्यात टॉवेल घालून ठेवलेला. पौषात पत्रिका घेऊन कोणी फिरकत नाही, म्हणून त्यांच्या पुतण्याने तेवढ्यात नवीन बसवून दिला. माघातली पहिली पत्रिका आमचीच. आमचंच नशीब!

अपेक्षाने विचारलं, "काका, जावा पण नवीन घातली का?"

मी म्हटलं, हे जावा काय असतं?

"मलाही ठाऊक नाही वहिनी. जवा चालतं तवा चालतं, म्हणून जावा!" आणि स्वतःच हसले. पत्रिकेचा प्रोग्राम ह्या जावावर चालतो, एवढं मला कळलं. पिठाची गिरणी मोटरवर चालते तसं.

अपेक्षाने जुना कॉम्प्युटर लावला, त्यातली एक फाईल उघडून दाखवली. प्रोग्राम सुरू होताना तिथे एक ओळ लिहिलेली होती — अक्षरं कुठल्या पद्धतीने लिहायची आणि वाचायची ते सांगणारी. नवीन जावा घातली तेव्हा ती ओळ जुन्यातच राहिली. तिच्यावाचून ह्या मशीनला इंग्रजी तेवढं कळतं. मराठी आलं की एकेका खुणेला एक प्रश्नचिन्ह लिहून मोकळं.

"मग नुसतं छापताना चुकेल," मी म्हटलं. मी काही अगदीच अडाणी नाही. "नाडी कशी चुकेल?"

तिने मला पेन दिलं. "आद्य लिही. आता खुणा मोज. आ, द, दचा पाय मोडलाय ती खूण, आणि य."

चार.

"मध्य लिही."

म, ध, पाय मोडल्याची खूण, य. चारच!

"प्रोग्राम नाडी अक्षरात लिहून ठेवतो, मग परत वाचून ताडून बघतो. आद्यची चार प्रश्नचिन्हं, मध्यचीही चार. त्याला दोन्ही सारखी दिसली. म्हणून एकनाडी."

बापूराव पुढे सरकले. "आणि अंत्य?"

"पाच होतात. अनुस्वार आहे ना."

बापूराव बोटांवर मोजत राहिले.

मग तिने नवीन मशीनमध्ये एक ओळ लिहिली. एकच. पुन्हा पत्रिका काढली. अपेक्षा — पुष्य, नाडी मध्य. शुभंकर — हस्त, नाडी आद्य. गुण साडेसत्तावीस. दोष नाही.

बापूराव खूष. "पुष्य म्हणजे मध्यच, बरोबर! वहिनी, पोरीने अब्रू राखली माझी." दक्षिणा घेईनात. मी देव्हाऱ्यापुढे ठेवून आले, फुकटचं नको.

पण एक ओळ लिहिली आणि आठ गुण वाढले! पुष्य म्हणजे मध्य हे खरं. पण पुष्य तरी कशावरून? तेही मशीननेच सांगितलं. आणि एवढं जुळलं तर हिने हसायला नको? "झालं," म्हणाली आणि चप्पल घातली. म्हणजे काय येणार ते हिला आधीच ठाऊक होतं.

८ फेब्रुवारी, बुधवार

भाजी निवडताना सहज विचारलं, ती ओळ लिहिताना आणखी काही बदललं नाहीस ना?

"तुला खोटं वाटतंय?"

"मी काही म्हटलं का?"

"तू काही म्हणत नाहीस तेव्हाच म्हणत असतेस, आई."

आंघोळीला गेली तेव्हा तिचा मोबाईल पाहिला. करू नये ते केलं. शुभंकरचा एकही फोन नाही, आठ दिवसांत. पुसून टाकत असेल.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

हे पाघळले! "साडेसत्तावीस म्हणजे चांगलेच की. अमरावतीकडची माणसं सरळ असतात."

म्हटलं, काटा कोणी दुरुस्त केला ते विसरलात?

"बापूराव समोर बसले होते ना? तूही बसली होतीस. मग तिथे काय झोप काढलीस?"

पण नाडीदोष लपवून लग्न झालं आणि उद्या लेकराबाळांवर आलं, तर हे बापूरावांना विचारणार आहेत की मला?

१५ फेब्रुवारी, बुधवार

कोणाला न सांगता पर्वतीच्या पायथ्याशी रंगराव ज्योतिषांकडे गेले. म्हातारे आहेत, हाताने मांडतात. रिक्षा केली नाही. दुसऱ्यांदा दक्षिणा जाणार होतीच.

त्यांनी त्या त्या वर्षीची पंचांगं काढली, चष्म्यावर भिंग धरलं. मी मनात स्तोत्र म्हणत बसले. काय मागावं तेच कळेना. जुळावं म्हणू, तर मुलगी हातची जाणार. जुळू नये म्हणू, तर मुलगी खोटारडी ठरणार.

पुष्य. मध्य. हस्त. आद्य. साडेसत्तावीस.

"आधी कोणी पाहिलंय का?" रंगरावांनी विचारलं.

"कॉम्प्युटरने."

"काय आलं?"

"हेच."

"मग आमची परीक्षा घ्यायला आलात होय!" आणि भिंग पेटीत ठेवलं.

चालतच परत आले. माझी मुलगी पहिल्यापासून खरं बोलत होती.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

ह्यांनी अमरावतीला फोन केला. शुभंकरचे वडील अगदी मोकळेपणी बोलले. "पयले एकनाडी म्हणून समजलं न जी, म्हणून आमी चूप बसलो होतो. शुभंकरच म्हणे, राहू द्या." शिवरात्र झाली की बघायला येणार.

अपेक्षाला सांगितलं. रंगरावांकडे गेले होते तेही सांगून टाकलं. चिडेल वाटलं. "बरं," म्हणाली. बस, एवढंच!

आता आणखी काय लपवतेय?

२१ फेब्रुवारी, मंगळवार

पडदे धुतले. बशांचा नवा सेट नको, माळ्यावरचाच काढला. शुभंकरचा फोन पुन्हा सुरू झालाय. वाजतो, आणि ही उचलत नाही. हात पुसत बसते. मी आहे म्हणून उचलत नसेल, म्हणून गॅलरीत गेले. तरी वाजून वाजून बंद पडला.

२६ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

अपेक्षाने शुभंकरला नाही म्हणून सांगितलं. आम्हाला न विचारता.

"तो माझ्याच शेजारी बसतो, आई. असली प्रश्नचिन्हं आम्ही रोज निस्तरतो. दुसऱ्याच दिवशी तो कागद त्याच्यापुढे ठेवला होता. बघितल्या बघितल्या त्याला कळलं असणार. घडी घालून परत दिला आणि म्हणाला, घरच्यांना नाही चालायचं, राहू दे. आता जुळलंय म्हटल्यावर फोन करतोय."

हे चिडलेत. उद्या अमरावतीला कुठल्या तोंडाने फोन करू, म्हणतात.

तुम्ही करूच नका, म्हटलं. मी करते. कारण विचारलं तर सांगेन — आमच्याकडून जुळत नाही.