पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं

१० जानेवारी, मंगळवार
लालबागला वैनीकडे डबा घेऊन गेले. उशी झटकली तर खालून चंदेरी कागद पडले. एक नाही, तीन. चॉकलेट चिप होल ग्रेन बार! माझ्या थोरल्या जावेचं वय एकोणऐंशी, तोंडात दात नाहीत, साखर दोनशेच्या वर, आणि उशीखाली हा खजिना.
"कुणी आणले?"
"मनीन."
मनी तिची लेक. मिल पाडून मॉल झाला, तिथे किराण्याच्या काउंटरवर असते. म्हणजे आईला विष आणायला लांब जायला नको.
"अगो, ह्येच्यावर गव्हाची लोंबी काढल्यानी हा, बघ तरी," वैनी म्हणाली. लोंबी काढली की झालं. उद्या दारूच्या बाटलीवर द्राक्षं काढतील, तेही फळ म्हणून प्या.
एक कागद पर्समध्ये घालून दादरला घरी आणला. भिंग घेऊन बसले. कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणायच्या, मोठी अक्षरं विकणाऱ्यासाठी असतात, बारीक अक्षरं तुमच्यासाठी. मागची बाजू जशीच्या तशी उतरवते:
एक बार ३५ ग्रॅम. ऊर्जा १५० कॅलरी. प्रथिनं २ ग्रॅम. स्निग्ध ५. कर्बोदकं २५, पैकी साखर ११. तंतू दीड.
अकरा ग्रॅम म्हणजे जवळजवळ तीन चमचे. पस्तिसातले अकरा! घटकांच्या यादीत ओट आणि गहू आहेत, पण त्यांच्या मागोमाग साखर, मग ग्लुकोज सिरप, मग मध, मग माल्टचा अर्क. एकाच चोराची चार नावं. आणि तंतू दीड ग्रॅम. एवढे तर माझ्या एका फुलक्यात असतील.

११ जाने., बुधवार
मनीला फोन केला.
"काकी, अहो डाएटवाले घेतात ते. हेल्दी सेक्शनला असतात."
"डाएटवाल्यांची स्वादुपिंडं तरणी असतात. तुझ्या आईचं दमलंय."
"पण ती सकाळी दुसरं काहीच खात नाही हो. चहात बुडवून हेच खाते."
"मग माझा डबा कोण संपवतं? रोज घासून लख्ख परत येतो."
मनी म्हणाली, "तेही खरंच." ती साडेनऊला बाहेर पडते, परतायला रात्रीचे नऊ. तिला काय दिसणार?
उरलेलं अख्खं खोकं मी दुपारी उचलून आणलं. वैनी बघत होती. "एक तरी ठेव गो धाकटे." नाही ठेवला. "पोलीस झालंस काय तू?" म्हणाली. झाले. कुणीतरी व्हायला हवं.

१३ जाने., शुक्र.
डबा आता मापून भरते. दोन फुलके (तेल नाही), एक वाटी उसळ, एक वाटी पालेभाजी, ताक. मधुमेहाची गोळीही रोज वेळेवर. पथ्याच्या तक्त्यात एका माणसाला दुपारचं जेवढं लिहिलंय तेवढंच. कालचा डबा चाटून-पुसून रिकामा. बरोबर आहे. बार बंद झाले, भूक लागली.

१५ जाने., रवि. संक्रांत
वैनीसाठी नुसते भाजलेले तीळ नेले, गूळ नाही. तिने मूठभर हातात घेतले, बराच वेळ धरून ठेवले. "तोंड बांधलंस माजा." मी म्हटलं, बांधलंय म्हणून जगशील.

१८ जाने., बुध.
गिरणी संपाला तीस वर्षं झाली म्हणून पेपरात पानभर फोटो. सगळे पुरुष. मुठी वळलेले, भाषणं ठोकणारे. त्यांना जेवायला कोण घालत होतं, त्याचा एकही फोटो नाही.
वैनीची खानावळ होती. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-बावीस माणसं, गावाकडून एकटे आलेले, पाळीपाळीने जेवायची. मी लग्न होऊन आले तेव्हा फोर्टच्या ऑफिसात स्टेनो होते. सकाळी इंग्रजीत पत्रं आणि संध्याकाळी वैनीच्या हाताखाली भाकऱ्या थापणं. माझ्या भाकरीला ती "सायबाची भाकरी" म्हणायची. संप झाला, मिल बंद पडली, भाऊजी खचले नि गेले, पण खानावळीतलं एक पान कमी केलं नाही तिने. पहिलं वाढप खानावळीतल्या माणसाला, मग पोरांना, मग घरच्यांना, मग उरलं तर स्वतः. हा तिचा कायदा.
त्या बावीसांतला एकच उरलाय, गावडे. लग्न केलं नाही. खालच्या मजल्यावर जिन्याजवळच्या खोलीत एकटा राहतो. आज जिन्यात दिसला. मान खाली घालून बाजूला झाला.

२३ जाने., सोम.
उपाशीपोटीची साखर ९६!! तपासणाऱ्या मुलीने दोनदा पाहिलं. वैनी उतरलीये, पोलकं खांद्यावरून घसरतं. तिला म्हटलं, बघ, शिस्त लावली की काय होतं. हसली. हात गार होता तिचा, म्हटलं थंडी आहे.
कॅलेंडरवर ९६ ला लाल गोल केला.

२७ जाने., शुक्र.
अकराला पोचले. दार नुसतं लोटलेलं. वैनी मोरीशी पडलेली, घामाने निथळत. मला ओळखलं नाही. "आणखी दोन पानां मांड, रात्रपाळी येतली आता," एवढंच पुन्हा पुन्हा. शेजारच्यांनी उचललं, टॅक्सी, हॉस्पिटल.
साखर चाळीसच्याही खाली. सलाईन लावलं. डॉक्टर लहान मुलगी, नीट बोलणारी. "मधुमेहाची गोळी घेऊन जेवल्या नव्हत्या का?"
मी म्हटलं, "जेवते. डबा रोज संपतो, मी स्वतः बघते."
किती ताठ मानेने म्हटलं.

२८ जाने., शनि.
वैनीची लुगडी आणायला चाळीत गेले. गावडे जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेला. हातात माझा डबा. घासून लख्ख.
"धाकट्या वैनी, ह्यो गुरवारचो डबो. माज्याकडेच रवलो. वैनी बरी आसा मां?"
मला कळेना. म्हटलं, हा तुमच्याकडे कसा?
"रोजच येता मां तुमचो डबो. दिवाळीपासून. वैनी म्हणाली, धाकटी दोन डबे देता, एक माझो, एक तुजो. उसळ बरी असता तुमची."
मी तर एकच डबा देत होते. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याला कळलं. मी सांगायच्या आधीच. डबा पायरीवर ठेवून खोलीत गेला, कडी लावली.

२९ जाने., रवि.
लिहून काढल्याशिवाय सुटका नाही.
दिवाळीपासून माझा डबा वैनीने कधी खाल्लाच नाही. तो गावडे खात होता. ती जगत होती त्या बारवर. रोज तीन बार, चहात बुडवून. तीन गुणिले दीडशे, साडेचारशे कॅलरी. रात्री मनीबरोबर चार घास, ते पण कधी खाल्ले, कधी नाही.
ते साडेचारशे मी उचलून नेले. भिंगातून वाचून, उतरवून घेऊन, शहाणपणाने. सोळा दिवस ती रिकाम्या पोटी माझ्या शिस्तीची गोळी गिळत होती. आणि मी ९६ ला लाल गोल केला.
डबा एकाच माणसापुरता मापलेला. तिला अर्धा करून दोघांत खाता आला असता. पण खानावळीतल्या माणसाला अर्धं पान वाढायचं नसतं. तिला ते जमलंच नसतं.
मला हे ठाऊक असायला हवं होतं. संपातल्या एका सकाळी पडद्याआडून टोप खरवडल्याचा आवाज येत होता, खर्र खर्र. बाहेरचे म्हणाले, वैनीही बसली वाटतं जेवायला. मी पाणी घ्यायला आत गेले. टोप धुतलेला होता. कोरडा. ती नुसता डाव फिरवत होती, बाहेरच्यांना घास गोड लागावा म्हणून. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. मी बाहेर येऊन जेवले. हो, जेवले. ऑफिसला जायचं होतं.
तीस वर्षांनी मी तिचा डबा बघते आणि म्हणते, संपला.

३१ जाने., मंगळ.
घरी आणली. डॉक्टरांनी गोळी सध्या बंद केली. थोडं थोडं, दर दोन तासांनी, जे आवडेल ते द्या, म्हणाल्या. मी विचारलं, तो चॉकलेटचा बार? "चालेल की. आत्ता पोटात जाणं महत्त्वाचं."
मॉलमध्ये गेले. पहिल्यांदाच. मनीच्या काउंटरवर खोकं ठेवलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मी तिच्याकडे नाही. पिशवी देताना फक्त म्हणाली, "काकी, मीसुद्धा बघितलं नाही हो."
बसस्टॉपवर पुन्हा मागची बाजू वाचली. त्याच ओळी. आज वाटलं, दीडशेच का? प्रथिनं दोनच का? अजून घालायला काय झालं होतं मेल्यांना?
बार चहात भिजवून चमच्याने पुढे केला. वैनीने तोंड मिटलं. "तो जेवलो?"
"तू आधी खा."
"तो जेवलो काय, ता सांग."

१ फेब्रु., बुध.
गावडेच्या दारात उभी राहिले. डबा पुढे केला. घेईना. "तिच्या तोंडचा खाल्लंय मी, तीन म्हयने. आता घास खाली उतरणा नाय."
"तुम्ही नाही जेवलात तर ती नाही जेवणार. एवढं कळतं का?"
"कळता," म्हणाला. दार लोटून घेतलं.
वर वैनी उपाशी, खाली गावडे उपाशी. मधल्या जिन्यात मी, दोन्ही हातांत दोन भरलेले डबे.

२ फेब्रु., गुरु.
ओरडले. आधी खाली ओरडले, मग वर. वैनी म्हणाली, "माज्यावर आरड. त्येका बोलू नको. तो लाजरो आसा." चार चमचे सरबत घेतलं, माझ्या समाधानाला. हाताची शीर निळी, कागदाखाली शाई दिसावी तशी.

३ फेब्रु., शुक्र.
गावडेच्या खोलीला कुलूप. समोरची म्हणाली, पहाटेच गेला, हातात एक पिशवी. कुठे? "गावाक जातंय म्हणालो." गावाला त्याचं घर पडून जमाना झाला, हे वैनीच सांगायची. फोन नाही. पुतण्या म्हणून कुणी आहे, नंबर शोधायला सांगितलाय.
वर गेले. विचारलंच तिने. म्हटलं, झोपलाय. तिने डोळे मिटले. घास नाही.

४ फेब्रु., शनि.
पुतण्याचा नंबर मिळाला. त्याच्याकडे आलेला नाही. आला तर कळवतो म्हणाला, आवाजात घाई.
वैनीला डॉक्टर बघून गेल्या. उद्यापर्यंत काही पोटात गेलं नाही तर पुन्हा भरती.

५ फेब्रु., रवि.
सिस्टर खोटं बोलणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करायच्या. मी कधी उभी राहिले नाही. त्याचा फार तोरा होता मला.
आज वैनीच्या पलंगावर बसले. बार चुरून दुधात भिजवला. चमचा तिच्या ओठांशी नेला.
"तो जेवलो?"
"जेवला."
"किती?"
"तीन फुलके. वर भात मागितलान."
"भाजी खंयची होती?"
"वालाची."
"नारळ घातलंस?"
"घातला."
तिने खूप वेळ माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. मग तिने तोंड उघडलं.
अर्धा बार. पंचाहत्तर कॅलरी. साखर साडेपाच ग्रॅम. मी एकेक चमचा मोजला. तोंड पुसलं तेव्हा म्हणाली, "उद्या त्येका वर पाठव. जिनो चढाक सांग. माज्यासमोर जेवांदे."
बरं म्हटलं.
पुतण्याचा फोन नाही. मी दोनदा लावला, उचलत नाही. उद्या सकाळी पुन्हा लावणार. डबे दोन भरायचे आहेत, वाल भिजत घातलेत.